तारामती पडद्यावर आली तेव्हा

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा आरंभ एका उपाहारगृहापासून करावयाचा आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या तयारीला लागले. यंत्रसामग्री आली, कथा ठरली, राजा मिळाला, विश्वामित्र मिळाला. परंतु राणी काही केल्या मिळेना. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी पुष्कळ शोध घेतला. कुलवंतांच्या घरची दारे तर बंदच होती, पण ज्यांना समाजाने आधीच वेशीबाहेर बसविले होते अशा स्त्रियांनीही या नव्या धंद्यात उतरावयास नकार दिला. शेवटी मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा सडपातळ तरुण फाळक्यांच्या दृष्टीस पडला. त्याला लुगडे नेसविण्यात आले आणि ३ मे १९१३ रोजी हिंदुस्थानच्या पडद्यावर जी पहिली तारामती अवतरली ती हीच. हाच साळुंके पुढे १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत दिसला.

या घटनेनंतर एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, तीच हरिश्चंद्राची कथा पुन्हा पडद्यावर आली. या वेळी चित्र बोलत होते, गात होते. आणि तारामतीच्या भूमिकेत मुंबईच्या एका नामांकित सॉलिसिटरची मुलगी, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई उभी होती. त्या बाईंचे नाव दुर्गाबाई खोटे. एकोणीस वर्षांत तारामतीच्या भूमिकेत आचाऱ्याच्या जागी सॉलिसिटरची कन्या कशी आली, त्यासाठी तिला काय किंमत मोजावी लागली, आणि ती मोजून तिने काय मिळविले, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. मराठी रंगभूमी त्या वेळी वैभवाच्या शिखरावर होती, परंतु तिच्यावरील नायिका पुरुष होत्या. बालगंधर्वांचा शालू आणि त्यांचे चालणे पाहून घरंदाज बायका आपली राहणी बेतीत असत. आपल्या इंदूर शहरात १९२९ साली ज्यांच्या घरी लता मंगेशकरांचा जन्म झाला, त्या मास्टर दीनानाथांनीही आपल्या कारकिर्दीच्या आरंभी स्त्रीभूमिका केल्या होत्या. रसिकांना यात काही वावगे वाटत नसे. उलट, स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे हेच त्यांना वावगे वाटे. नाटक पाहणे ही अभिरुची, पण नाटकात काम करणे ही अधोगती, असा तो न्याय होता. आणि पुरुषापेक्षा स्त्रीच्या बाबतीत तो शतपट कठोर होता.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण ती वारंवार विसरली जाते. पडद्यावर येणारी पहिली मराठी स्त्री दुर्गाबाई खोटे नव्हत. 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्याच १९१३ साली फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' हा चित्रपट केला. त्यात पार्वतीची भूमिका दुर्गाबाई कामत यांनी केली आणि मोहिनीची भूमिका त्यांची अल्पवयीन मुलगी कमला हिने केली. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले या नावाने मराठी रंगभूमीवर प्रसिद्धीस आली. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. दुर्गाबाई कामतांनी जेव्हा हे धाडस केले तेव्हा त्यांच्यापाशी ना संपत्तीचे बळ होते, ना मोठ्या घराण्याचे नाव. पोट आणि पोर ही दोनच कारणे त्यांना पुढे ढकलीत होती. समाजाने त्यांना त्याबद्दल सन्मान दिला नाही. पुढे जेव्हा 'कुलीन स्त्रियांनी चित्रपटसृष्टीत पदार्पण केले' असे मोठ्या कौतुकाने लिहिले जाऊ लागले, तेव्हा त्या 'कुलीन' या एका शब्दाने कामतबाईंसारख्या स्त्रियांना नकळत अकुलीन ठरविले. या शब्दाकडे आपण भाषणाच्या अखेरीस पुन्हा वळू.

दुर्गाबाई खोटे यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याकडचे, घरात कोकणी बोलली जाई. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर, आई मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीत मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. शिक्षण कॅथेड्रल हायस्कुलात झाले. त्या काळी मराठी मुलींना लिहिता-वाचता आले तरी पुरे असे समजले जाई. लाडांच्या घरी मुलगी इंग्रजी शाळेत आणि नंतर कॉलेजात गेली. पुढे विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरही श्रीमंत. बकुल आणि हरिन हे दोन मुलगे झाले. येथवरचे आयुष्य असे की, त्यात चरित्रकाराला लिहिण्यासारखे फारसे काही सापडू नये. दारात गाडी, घरात नोकरचाकर, अंगावर रेशमी वस्त्रे, आणि उद्याची काळजी करण्याचे कारण नाही.

परंतु लक्ष्मी चंचल असते हे वचन आपण पूजेच्या दिवशी म्हणतो आणि एरव्ही विसरतो. सासरचे ते वैभव ओसरले. मोठ्या घरातून लहान घरात जावे लागले. पुढे तरुण वयातच वैधव्यही आले. दोन मुलांना वाढविण्याचा भार त्यांच्यावर पडला. अशा प्रसंगी त्या वर्गातील स्त्रीपुढे दोनच वाटा असत. एक माहेरी परत जाण्याची, दुसरी नातेवाइकांच्या आश्रयाला राहण्याची. दोन्ही वाटांवर अन्न मिळे, पण मान खाली घालून. दुर्गाबाईंनी तिसरी वाट शोधली. आपण कमवावयाचे.

कमवावयाचे खरे, पण कशावर? शिक्षण होते, परंतु शिकलेल्या स्त्रीला मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्या आणि त्यांचे वेतन त्याहून थोडे. अशा वेळी १९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात एका लहानशा भूमिकेचा योग आला. बोलपटाचे युग त्याच वर्षी 'आलम आरा'ने सुरू झालेले. मूकपटाला थोडा बोलका भाग जोडून तो खपवावा, अशी निर्मात्यांची घाई चालली होती. दुर्गाबाईंनी ते काम स्वीकारले. चित्रपट कसा आहे, कथा काय आहे, आपला भाग तिच्यात कोठे बसणार आहे, याची त्यांना पुरती कल्पना नव्हती. जाहिरातीत मात्र त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या नावाचा डंका पिटला गेला. चित्रपट हिणकस निघाला आणि साफ पडला. चित्रपट पडल्याचे दुःख कोणाला नव्हते. पण लाडांची मुलगी आणि खोट्यांची सून अशा चित्रात दिसली, याचा बभ्रा मुंबईभर झाला. नातेवाईक संतापले, ओळखीचे लोक कुजबुजू लागले. मिळालेले मानधन बेताचे आणि गेलेली अब्रू घराण्याची, असा हा व्यवहार झाला.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट ही की, एखादी स्त्री या आघातानंतर पुन्हा त्या दिशेला फिरकली नसती. घरच्यांनी क्षमा केली असती, लोक विसरले असते, आणि आपणांस आज दुर्गाबाई खोटे हे नाव ठाऊक नसते. परंतु त्याच सुमारास कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीला आपल्या पहिल्या बोलपटासाठी तारामती हवी होती. प्रभातची स्थापना १९२९ साली झालेली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी ही तिची मंडळी. या मंडळींची कामावरील निष्ठा आणि चारित्र्याविषयीची शिस्त सर्वत्र ठाऊक होती. दुर्गाबाईंच्या मनात भय होते, आणि घरातही होते. तरी त्यांनी होकार दिला. पहिल्या चित्रपटाने लागलेला डाग पुसावयाचा तर तो घरात बसून पुसला जाणार नाही, चांगल्या कामानेच पुसला जाईल, हे त्यांनी ओळखले असावे.

'अयोध्येचा राजा' फेब्रुवारी १९३२ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. त्याची हिंदी आवृत्तीही त्याच वेळी तयार झाली. आजच्या श्रोत्यांना त्या कामाची अवघडता सहज कळणार नाही. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. जो नट पडद्यावर दिसे त्यालाच, छायाचित्रण चालू असता, प्रत्यक्ष गावे लागे. संवादात एक शब्द चुकला की सगळे पहिल्यापासून. वादक मंडळी यंत्राच्या दृष्टीआड लपून साथ करीत. आणि एकच प्रसंग आधी एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत, असा दोनदा वठवावा लागे. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. रंगभूमीवर मुरलेल्या अशा गवयापुढे उभे राहून गाणे, आणि रोहिदासाच्या मृत्यूनंतरचा विलाप करणे, हे नवख्या बाईला सोपे नव्हते. दुर्गाबाईंनी ते पार पाडले. त्यांच्या तारामतीत रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांचा लाडिकपणा नव्हता. मान ताठ, आवाज भरदार, दुःखातही एक राजस गंभीरपणा. प्रेक्षकांनी राणी पाहिली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. 'फरेबी जाल'चे नाव पुसले गेले. ज्या घरांतून निंदा झाली त्याच घरांतील माणसे या चित्रपटाला सहकुटुंब जाऊ लागली.

त्याच वर्षी प्रभातचा 'माया मच्छिंद्र' आला. त्यात दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. पायाशी चित्ता घेऊन बसलेली ती राणी ज्यांनी छायाचित्रात तरी पाहिली असेल, त्यांना ती विसरणे शक्य नाही. पुढे त्या कलकत्त्यास गेल्या. देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली १९३३ साली 'राजराणी मीरा' आणि १९३४ साली 'सीता' हे चित्रपट झाले. दोन्हींत त्यांच्याबरोबर पृथ्वीराज कपूर होते. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे त्याला मानपत्र मिळाले. परदेशी महोत्सवात गेलेला पहिला भारतीय बोलपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९३६ साली प्रभातच्या 'अमर ज्योती'त त्या सौदामिनी झाल्या. राज्याच्या अन्यायी कायद्याने आपले मूल हिरावले गेलेली ही स्त्री समुद्रावर चाचेगिरी पत्करते आणि पुरुषी सत्तेचा सूड घेते. स्त्री ही कोणाची दासी नव्हे, हा विचार त्या काळी भाषणांतून क्वचित ऐकू येई. पडद्यावर तो तलवार घेऊन उभा राहिलेला लोकांनी प्रथमच पाहिला. हा चित्रपटही व्हेनिसला गेला.

आता त्यांच्या कर्तृत्वाच्या एका अशा बाजूकडे वळू की, जिची चर्चा कमी होते. त्या काळी चित्रपट कंपन्यांत कलावंत महिन्याच्या पगारावर बांधलेले असत. कंपनी सांगेल ती भूमिका, कंपनी ठरवील ते वेतन, आणि दुसरीकडे काम करण्यास बंदी. दुर्गाबाईंनी ही वेसण फार काळ घालून घेतली नाही. कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई, जेथे भूमिका पसंत पडेल तेथे जावे, त्या चित्रपटापुरता करार करावा आणि काम संपताच मोकळे व्हावे, ही पद्धत त्यांनी अंगीकारली. असे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या पहिल्या काही भारतीय कलावंतांत त्यांची गणना होते. याचे महत्त्व कळण्यासाठी त्याच काळातील हॉलिवूडकडे पाहावे. बेट्टी डेव्हिस ही तेथील अग्रगण्य अभिनेत्री. हलक्या भूमिकांना कंटाळून तिने १९३६ साली वॉर्नर कंपनीचा करार झुगारला आणि ती इंग्लंडला निघून गेली. कंपनीने लंडनच्या न्यायालयात दावा लावला, आणि डेव्हिसबाई हरल्या. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड हिला त्याच कंपनीच्या पाशातून कायद्याने मोकळे व्हावयास १९४४ साल उजाडावे लागले. अमेरिकेसारख्या प्रगत देशातील ख्यातनाम नटींना जे कोर्टकचेऱ्या करून मिळेना, ते गिरगावच्या एका बाईने केवळ आपल्या कामाच्या बळावर आणि स्पष्ट बोलण्याने साधले. एवढेच नव्हे, तर त्याच दशकात 'साथी' या चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांनी स्वतः उडी घेतली.

१९४१ साली आचार्य अत्र्यांच्या संस्थेचा 'पायाची दासी' आला. त्याची हिंदी आवृत्ती 'चरणों की दासी'. दिग्दर्शक गजानन जागीरदार. या चित्रपटाविषयी आपण माळव्यातील मराठी माणसांनी अंमळ अधिक आस्थेने बोलले पाहिजे. यात दुर्गाबाईंनी सुनेला छळणाऱ्या सासूची भूमिका केली. आणि सून झाल्या वनमाला. वनमालाबाई म्हणजे सुशीलादेवी पवार. त्यांचा जन्म १९१५ साली उज्जयिनीचा. वडील ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. मुलगी पदवीधर. दरबारी शिस्तीत वाढलेल्या अशा मुलीने चित्रपटात जावे, हे १९४० च्या सुमारास शिंद्यांच्या मुलखात किती कठीण होते, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. त्याच १९४१ साली सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये त्या रुखसाना झाल्या. पुढे अत्र्यांच्याच 'श्यामची आई'त त्यांनी आईची भूमिका केली, आणि १९५३ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. उत्तरायुष्यात त्यांनी चित्रपटसृष्टी सोडून वृंदावनची वाट धरली आणि २००७ साली ग्वाल्हेरात त्यांचे निधन झाले. 'पायाची दासी'त एका बाजूस मुंबईच्या लाडांची लेक आणि दुसऱ्या बाजूस माळव्याच्या पवारांची लेक अशा दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. १९३२ साली एकीने जी वाट पाडली, ती नऊ वर्षांत किती रुंद झाली होती, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

'चरणों की दासी' आणि पुढच्या वर्षीचा 'भरत मिलाप' या दोहोंसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने दुर्गाबाईंना उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरविले. 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी होत्या. छळणारी सासू आणि सावत्रपणा करणारी राणी! लोकांच्या शिव्याशापांना पात्र होणाऱ्या भूमिका घेऊन त्यांनी लोकांचा आदर मिळविला. नायिकेने सदैव सालस आणि सोशिक दिसावे, हा संकेत त्यांना मान्य नव्हता.

१९४३ चा 'पृथ्वीवल्लभ' हा तर आपल्या अगदी शेजारच्या इतिहासाचा. कन्हैयालाल मुनशी यांच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. पृथ्वीवल्लभ म्हणजे धारानगरीचा परमार राजा मुंज, राजा भोजाचा चुलता. इंदुराहून धारला गेल्यावर मुंजाच्या नावाचे तळे आजही दाखवितात. दहाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणीच्या चालुक्य तैलपाने त्याचा पराभव केला आणि त्याला ठार मारले, हा इतिहास. तैलपाची बहीण मृणालवती, वैराग्याच्या कवचात बसलेली, गर्विष्ठ, बंदिवान मुंजाचा अभिमान मोडावयास निघालेली आणि स्वतःच मोडून पडलेली, ही कादंबरीतील कल्पना. मुंज झाले सोहराब मोदी आणि मृणालवती झाल्या दुर्गाबाई. मोदींचा आवाज असा की, त्यापुढे भले भले नट फिके पडत. दुर्गाबाई फिक्या पडल्या नाहीत. दोघांच्या झुंजीत कोण वरचढ, यावर प्रेक्षकांत वाद घडावेत, असे ते प्रसंग होते.

योगायोग पाहा, दुर्गाबाईंची आणखी एक गाजलेली भूमिकाही धारशी संबंध असलेल्या स्त्रीची आहे. मुंबई मराठी साहित्य संघाने खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले, त्यात त्या आनंदीबाई झाल्या. राघोबादादांची ही महत्त्वाकांक्षी पत्नी पुढे धारच्या किल्ल्यात येऊन राहिली आणि तेथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. संघाच्याच 'राजमुकुट' या नाटकात, म्हणजे शिरवाडकरांनी केलेल्या 'मॅकबेथ'च्या रूपांतरात, १९५४ साली त्यांनी मॅकबेथच्या पत्नीची भूमिका केली. चित्रपटात नाव आणि पैसा मिळाल्यावर कलावंत रंगभूमीकडे सहसा पाठ फिरवितो. दुर्गाबाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर रंगभूमीवर आल्या, आणि पुरुषांनी वर्षानुवर्षे गाजविलेल्या त्या नाट्यपरंपरेत एका स्त्रीचा आवाज घुमू लागला. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

वय कोणालाही सोडीत नाही, आणि पडद्यावरील स्त्रीला तर ते दुप्पट वेगाने गाठते. नायक पन्नाशीतही नायक राहतो; नायिका चाळिशीत आई होते. या अन्यायाविरुद्ध कित्येक नट्या झगडल्या आणि कडवट होऊन घरी बसल्या. दुर्गाबाईंनी आईची भूमिका पत्करली, परंतु तिला दुय्यम मानले नाही. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'मधील त्यांची जोधाबाई आठवा. एका बाजूस सम्राट पती, दुसऱ्या बाजूस बंडखोर पुत्र, आणि मध्ये ही राजपूत राणी. बादशाह होते पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांपूर्वी 'सीता'मध्ये राम आणि सीता म्हणून उभी राहिलेली ही जोडी येथे पुन्हा समोरासमोर आली. पत्नी म्हणून झुकणारी आणि आई म्हणून पेटून उठणारी ती स्त्री त्यांनी थोड्याच शब्दांत उभी केली. त्यानंतर १९७३ च्या 'बॉबी'त त्या नायिकेची आजी झाल्या, आणि 'बिदाई'तील भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचे चित्रपट दोनशेच्या घरात गेले.

पडद्यामागील उद्योगही त्यांनी सोडला नाही. १९५२ साली त्यांनी 'फॅक्ट फिल्म्स' ही संस्था काढली आणि माहितीपट, लघुपट, जाहिरातपट यांची निर्मिती सुरू केली. पुढे त्यांच्या 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' या संस्थेने दूरदर्शनसाठी 'वागले की दुनिया' ही मालिका केली. १९८८ साली ज्यांनी ती घरोघर पाहिली, त्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, या मध्यमवर्गीय वागळ्यांच्या मागे १९३२ सालची तारामती उभी आहे! संसारात मात्र दुःखाचे घाव चुकले नाहीत. हरिन या मुलाचे अकाली निधन झाले. त्यांच्या पत्नी म्हणजे रंगभूमीवरील विख्यात दिग्दर्शिका विजयाबाई, पुढे विजया मेहता. १९६८ साली दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. १९८२ साली 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी एकही स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान पहिल्या बोलक्या तारामतीला मिळावा, यात काळाचा केवढा मार्मिक न्याय आहे! २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ साली भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

श्रोतेहो, आता त्या 'कुलीन' शब्दाकडे परत येतो. दुर्गाबाईंचे चरित्र सांगताना तो शब्द आजही अनेकांच्या तोंडी येतो. त्यांनी चित्रपटाच्या धंद्याला प्रतिष्ठा दिली, कारण त्या प्रतिष्ठित घरच्या होत्या, असे म्हटले जाते. यात सत्याचा अंश आहे, हे नाकारता येत नाही. १९३२ साली लाडांच्या मुलीने जे पाऊल टाकले, त्यामुळेच पुष्कळ घरांतील बापांना आपल्या मुलीला परवानगी देण्याचा धीर झाला. दुर्गाबाई कामतांचे पाऊल तितक्याच धैर्याचे, किंबहुना अधिक धैर्याचे होते. पण त्या पावलाने कोणाच्या घराचे दार उघडले नाही, कारण त्यांच्यामागे मोठे घर नव्हते. समाज धैर्याला मान देण्यापूर्वी त्या धैर्याचा पत्ता विचारतो, असाच याचा अर्थ होतो. हा दोष दुर्गाबाई खोट्यांचा नव्हे. तो आपला आहे.

आणि आणखी एक. मोठ्या घराच्या नावाने दुर्गाबाईंना पहिल्या चित्रपटात काय दिले, तर फक्त बदनामी. त्यांना ज्याने तारले, ते घराणे नव्हे. पहाटे उठून केलेला रियाज, परक्या भाषेतील संवादांचे पाठांतर, करारातील प्रत्येक अट वाचून मग सही करण्याची सवय, आणि वेळेवर कामाला हजर राहण्याची शिस्त, या गोष्टींनी त्यांना तारले. त्यांनी पडद्याला प्रतिष्ठा आणली ती सॉलिसिटरच्या मुलीची नव्हे, तर कष्ट करून मुले वाढविणाऱ्या आईची. या अर्थाने पाहिले तर कामतबाई आणि खोटेबाई एकाच कुळातल्या ठरतात.

आपल्या या शहरात अहिल्याबाईंचे नाव आपण रोज घेतो. राघोबादादा फौज घेऊन चालून आले तेव्हा बाई डगमगल्या नाहीत, हेही अभिमानाने सांगतो. मात्र आपल्याच घरातील मुलगी एखाद्या नव्या व्यवसायाचे नाव काढते तेव्हा आपली पहिली शंका असते, लोक काय म्हणतील? लोकांनी १९३१ साली पुष्कळ काही म्हटले. ते काय म्हणाले, हे आज कोणाच्या स्मरणात नाही. तारामती मात्र स्मरणात आहे.